मांय राख वाचतात

पेडणे, ९ जुलै

आई,

हे पत्र ज्योती वाचून दाखवंल. ज्योते, आधी आप्पा घरात न्हाईत ते बघ, मग वाच. सावकाश वाच. सातवीनंतर माझ्या हातात पेन आला न्हाई, अक्षर लागायला तुला वेळ लागंल.

आई, तुला नात झाली. गेल्या महिन्यात. फोन केला होता, तू माझा आवाज ऐकून ठेवलास. ठेवलास ते एका परीनं बरं झालं, मला बोलायला येत नव्हतं, नुसतं रडू येत होतं.

नाव सिद्धी ठेवलं. कपाळ आप्पांचं हाय, रुंद. कान तुझे. झोपेत हसती तवा मला भ्या वाटतं, एवढं कुणी माझ्या पोटातनं आलं कसं. तिच्या नाकापुढं बोट धरून बघते, वारा लागतो का. लागतो. तरी परत बघते.

इथं मी "आलो, गेलो" म्हटलं की सगळी हसतात. मांय म्हणतात, "आमच्या साईशान घराक दादलो हाडला गो, बायल न्हय." म्हणजे साईशनं घरात बायको न्हाई, पुरुष आणला. आपल्याकडं बायका तसंच बोलतात हे ह्यांना कुठलं ठाव. म्हणून आता मी "आले, गेले" म्हणते, तसंच लिहिते. ज्योते, हसू नको.

मांय म्हणजे सासू. इथं तसंच म्हणतात. बाई वाईट न्हाईत, हे आधीच सांगते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल लई लिहिणार हाय. साईश मुरगावला गोदीत कामाला असतो, पंधरा दिवसांनी येतो. घरात मी, मांय आन् सिद्धी. आन् ती.

ती कोण ते सांगायलाच बसले.

आमच्या मधल्या खोलीत वारूळ हाय. खोटं न्हाई सांगत. मातीचं, खरंखुरं, माझ्या छातीएवढं उंच. इथं त्याला रोयण म्हणतात. सातेरी देवी म्हणजे तीच. साईशच्या खापरपणज्याला इथं झाडीत ती दिसली, मग त्यानं तिच्याभोवती भिंती घातल्या आन् भिंतींवर छप्पर. म्हणजे घरात ती न्हाई, तिच्या घरात आम्ही. तिला हिरवं लुगडं नेसवलंय, कुंकू लावलंय, वर चांदीचे दोन डोळे हाईत. बाकी सगळीकडं फरशी, त्या एका खोलीत अजून शेणानं सारवलेली भुई.

आन् वारुळाला भोकं हाईत. लुगड्याच्या खाली, मागच्या अंगाला. मी मोजली न्हाईत. मला बघवलीच न्हाईत.

लग्न होऊन आले तवा मी त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेले आन् थांबले. मांय म्हणाल्या, "रांवंदी. येतली ती आपणाहून." दोन वर्षं मी आत पाय टाकला न्हाई आन् त्यांनी जोर केला न्हाई. पण सिद्धीला घेऊन दवाखान्यातनं आले त्या दिवशी पाळणा त्या खोलीत मांडलेला.

ह्या घरात जन्मलेलं पोर पहिला दात येईपर्यंत तिच्या पायाशी झोपतं. साईश झोपला, त्याचा बाप झोपला. मी म्हटलं, मांय, माझी पोर माझ्याजवळ झोपंल, बाहेरच्या खोलीत. तर म्हणाल्या, "तुजेकडेन कोण राखतलो तिका? तू? तू न्हिदता मरणाची."

"मी झोपत न्हाई मांय."

"आज न्हिदूंक ना. फाल्यां न्हिदतलें. ती न्हिदना." मी आज न्हाई तर उद्या झोपणार, देवी झोपत न्हाई म्हणं.

साईशला फोन केला. तो म्हणाला, मांय सांगते तसं कर, मला काय झालं का. पुरुष माणूस, त्याला काय. म्हणून आता मी बी त्याच खोलीत झोपते, पाळण्याच्या आन् तिच्या मधी. पाठ तिच्याकडं करत न्हाई.

आई, आपल्या उसाच्या बांधावरच्या वारुळातनं काय निघालं होतं ते तुला सांगायला नको. संदीपचं नाव मी लिहिणार नव्हते. लिहून झालं. ज्योते, ते नाव वाचू नको, पुढं जा.

मंजुळा


पेडणे, २१ जुलै

आई,

तुझं उत्तर न्हाई. मी वाट बघत नव्हते. थोडी बघत होते.

इथं माझं आन् मांयचं वाजलं. कोण बरोबर ते तू सांग.

सिद्धीला खोकला झाला. नर्सबाय घरी बघायला येते, तिनं पोरीच्या छातीला नळी लावली आन् खोलीत बघून म्हणाली, बाळाजवळ धूळ नको, राख तर नकोच, फिनेलनं पुसून घे. राख म्हणजे काय ते सांगते. मांय रोज तिन्हीसांजेला न्हाणीच्या चुलीतली राख जुन्या लुगड्याच्या फडक्यातनं चाळतात, पिठागत मऊ करतात, आन् रोयणीच्या भोवती पसरतात. दोन हात रुंद असंल. तिथनं माझ्या अंथरुणाच्या कडेनं पाळण्याच्या पायापर्यंत, पाळण्याभोवती बी. पसरताना म्हणत असतात, "राख गो, राख." मला वाटायचं राखेला राख म्हणतायत. म्हातारी माणसं काय बी पुटपुटतात. सकाळी मी उठायच्या आधी सगळं झाडून सारवलेलं असायचं. मी समजले, पूजेची काय तरी रीत असंल.

तर नर्सबाय सांगून गेली त्या दिवशी मांय राख पसरून बाहेर गेल्या, आन् मी फिनेलचं पाणी केलं, ओल्या फडक्यानं सगळी राख टिपून घेतली. खोलीला दवाखान्याचा वास आला. मला लई बरं वाटलं. पोर त्या दिवशी नीट झोपली, मी बी झोपले. मरणाची झोपले.

सकाळी उठले तर मांय उंबऱ्यावर बसलेल्या. बाहेर पोदेर पाव घेऊन पोंक पोंक करत उभा, त्याच्याकडं बी लक्ष न्हाई. मला बघून म्हणाल्या, "आज हांव कितें वाचूं?"

आई, मांयना अक्षर येत न्हाई. तुझ्यासारखाच अंगठा.

मी म्हटलं, "काय वाचायचं होतं?"

"आतां विचारता. धुवन उडयल्यार विचारता."

"नर्सबायनं सांगितलं, राखेनं पोरीची छाती भरते."

"नर्स रातीची हांगा येता? नर्सीक खबर आसा रातीचें हांगा कोण येता तें?" रातीचं इथं कोण येतं ते नर्सला ठाव हाय का, म्हणं.

मी बी गप्प बसले न्हाई. म्हटलं, वारुळाजवळ पोर निजवता आन् मला शिकवता. म्हटलं, माझ्या पोरीला काय झालं तर तुमच्या देवीला कुदळ लावीन.

आई, हे मी बोलले. तोंडातनं गेलं. मांय उठल्या. आत गेल्या, रोयणीपुढं डोकं टेकलं, आन् मला वाटलं माझी तक्रार करतायत. पण त्या म्हणत होत्या, "भुरगें तें. भियेलां." लहान हाय, भ्यालंय. मला म्हणत होत्या. सिद्धीला न्हाई, मला.

दिवसभर आम्ही बोललो न्हाई. जेवण मात्र वाढलं, माशाचा मोठा तुकडा माझ्या पानात.

साईशला फोनवर सगळं सांगितलं. कुदळीचं सोडून. राख राखेचं सांगितलं तर हसायला लागला. म्हणाला, अगो ती राखेला म्हणत न्हाई, देवीला म्हणते. राख म्हणजे सांभाळ. आई, आपण गुरं राखतो की. तेच राख. इतके दिवस बाई देवीला सांगत होती, सांभाळ गं, सांभाळ, आन् मी समजले चुलीतली राख.

पाळण्याला मुंग्या लागायला लागल्यात, लाल. त्याचं काय करू कळंना.

मंजुळा


पेडणे, ६ ऑगस्ट

आई,

ज्योतीचा फोन आला. म्हणाली, आईनं एवढंच सांगितलंय: पाळण्याच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेव, आन् वारुळाकडं पोरीचं डोकं करू नको. बाकी काय बोलली न्हाईस म्हणं. बाकी काय नकोच होतं. मी फोन ठेवून न्हाणीत जाऊन बसले थोडा वेळ.

वाट्या न्हाईत, नारळाच्या करवंट्या ठेवल्या. मांयना सांगितलं, माझ्या आईनं सांगितलंय. तर म्हणाल्या, "विहीणबायक सांग, उदकाक जळारां जातलीं." म्हणजे डास होतील. मी म्हटलं, मुंग्या चावलेल्या चालतात का? तर म्हणाल्या, "विहीणबायच्या गांवांत जळारां नात जांव येता." तुझ्या गावात डास नसतील म्हणं. बघ. तोंड बघितलं न्हाई एकमेकींचं आन् भांडण सुरू.

पण रोज सकाळी करवंट्यांतलं पाणी त्याच बदलतात. मला हात लावू देत न्हाईत. आन् तुळशीत ओतताना म्हणतात, "विहीणबायचें उदक बदललें." शेजारणीला बी सांगितलं, हें चंदगडचें उदक. नळाचंच हाय.

नर्सबाय परत आली तवा मांयनी तिला विचारलं, राख ओली करून पसरली तर उडंल का? नर्सबाय म्हणाली, उडणार न्हाई, पण पसरायचीच कशाला? मांय म्हणाल्या, "तें तूं विचारूं नाका." आता त्या पाण्याचा हबका मारतात, अगदी हलका, तांदळाच्या पिठावर मारावा तसा. पोरीचा खोकला गेला.

आता खरं सांगायचं ते सांगते.

परवा मी पहाटे उठले. मांय खोलीत उकिडव्या बसलेल्या, हातात बॅटरी, जमिनीला लावून आडवी धरलेली. मला वाटलं काय सांडलंय. त्या म्हणाल्या, "यो. बस. पांय घालूं नाका."

मी बसले. आई, राखेवर सगळं लिहिलेलं होतं.

बारीक चांदण्यांसारखे ठसे, मधनं एक रेघ. मांय म्हणाल्या, "ही पाल. शेंपटी ओडून वता." मग टाक्यांसारखी दुहेरी ओळ, सुईनं शिवल्यागत, ती गोमेची. जोडीनं उठलेले गोल ठिपके, आन् मधी पोट टेकलेलं, तो बेडूक, पावसाचा आत आलेला. एक ओळ भिंतीला धरून गेली ती भिंतीला धरूनच परत आली, ती चिचुंद्री. मांय म्हणाल्या, "हिका कळता. ही मदीं केन्नाच येवंची ना." मधी कधीच येत न्हाई. शहाणी हाय.

एवढी सगळी माझ्या उशाशी चालत होती आन् मी काय ऐकलं न्हाई. मी आपली पोरीच्या नाकापुढं बोट धरून बसलेले.

म्हटलं, "मांय, तुम्ही हे रोज बघता?"

"लग्न जावन आयल्याउपरांत. माज्या मांयन शिकयलां. तिका तिच्या मांयन."

"आन् देवी राखती म्हणता ते?"

माझ्याकडं असं बघितलं, जशी मी येडी. "ती राखता. पूण तिणें कितें राखलां तें आमी पळोवंक जाय मगो." तिनं कशापासनं राखलं ते आपण बघायला नको?

आई, मी त्या दिवशी रोयणीला पहिल्यांदा हात जोडले. भ्या गेलं न्हाई. भ्या तेवढंच हाय. पण आता मी भीते आन् बघते पण.

आता रोज पहाटे आम्ही दोघी वाचतो. मी पाल, गोम, झुरळ ओळखते. विंचू ओळखायला मी अजून चुकते, असं मांय म्हणतात.

मंजुळा


पेडणे, १९ ऑगस्ट

आई,

ज्योते, हे पत्र आईलाच वाच. दुसऱ्या कुणाला न्हाई, चुलतीला तर न्हाईच.

काल पहाटे मांय माझ्या आधी उठल्या होत्या. मी डोळे उघडले तर त्या हातानं राख पुसत होत्या. भराभर. मी उठून बसेपर्यंत अर्धी पुसून झाली होती. पण अर्धी राहिली होती.

म्हटलं, "काय होतं?"

"पाल."

"मांय, पालीला पाय असतात."

त्यांचा हात थांबला.

जी राहिली होती ती रेघ माझ्या दोन बोटांएवढी जाड. पायाचा ठसा न्हाई. वाकडी, पाण्यानं वाट काढावी तशी. रोयणीच्या मागच्या अंगानं आलेली, पाळण्याच्या उशाकडच्या पायाला वळसा घातलेला. तिथली करवंटी कलंडलेली, पाणी सांडून राखेचा चिखल. आन् परत गेलेली. जिथनं आली तिथं.

सिद्धी झोपलेली होती. मूठ तोंडाशी, नेहमीसारखी. मी तिचं अंग अंग तपासलं. बोटांच्या बेचक्यात, कानामागं, सगळीकडं. काय नव्हतं. ती मला बघून हसली.

मांय हळू म्हणाल्या, "पळोवन गेली. भुरगें पळोवन, उदक पियेवन गेली." पोर बघून, पाणी पिऊन गेली म्हणं.

आई, मला ओरडायचं होतं. पण मी त्या रेघेकडं बघत राहिले. एवढं मोठं, इतकं गप, पोरीपासनं हातभर. चावायचं असतं तर चावलं असतं. वळसा घातला आन् गेलं. मी त्याला काय म्हणू? जनावर म्हटलं तरी अंगावर काटा येतो, देवी म्हटलं तरी येतो.

मग मी मांयना माझ्या भावाचं, संदीपचं सांगितलं.

कधी सांगितलं नव्हतं. तो सहा वर्षांचा होता, वारुळाशी खेळत होता, पाय काळा निळा झाला, आप्पांनी पाठीवर टाकून आणलं, आन् तू त्याच्या तोंडात पाणी घालत बसलीस, पाणी बाहेरच येत होतं, तरी तू घालत होतीस. सगळं सांगितलं. माझ्या मांडीवर सिद्धी होती.

मांयनी सिद्धीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाल्या, "हें माका पयलीं कित्याक सांगूंक ना?"

"तुम्ही विचारलं न्हाई."

"तुजे आवयन तुका आमगेर धाडली कशी?"

"तिनं न्हाई धाडलं मांय. मी आले. तिला न विचारता."

त्या उठल्या. न्हाऊन आल्या, ओल्या केसांनी. परसातनं पिटकोळीच्या लाल कळ्या आणल्या. इथं देवाला काय विचारायचं असंल तर कळ्या पाण्यात बुडवून देवाच्या अंगाला चिकटवतात आन् प्रश्न विचारतात. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर न्हाई. देवळात हे भट करतो, आमच्या घरात थोरल्या बाईनं करायचं. मांय म्हणाल्या, दात यायच्या आधी पोर बाहेर काढायची तर तिला विचारल्याशिवाय जमणार न्हाई. मी म्हटलं, ती न्हाई म्हणाली तर? त्या म्हणाल्या, "पळोवया."

दोन कळ्या लावल्या, चांदीच्या डोळ्यांच्या खाली, एक उजवीकडं एक डावीकडं. हात जोडले. म्हणाल्या, "आवय सातेरी, चेडवाक दांत येवंक ना. रीत तुजी, चेडूं आमचें. हिच्या आवयचो भाव तुज्या कुळाच्यान व्हेला. भायर व्हरूं हिका?" म्हणजे, हिच्या आईचा भाऊ तुझ्याच कुळानं नेला, पोरीला बाहेर नेऊ का.

मी सिद्धीला घेऊन उंबऱ्यावर बसले. घरात नुसता पन्हळीचा आवाज. मला वाटलं कळ्यांना वेळ लागंल. लागला न्हाई.

डावी सरकली.

मी बघितलं आई. ओली रेघ सोडत बोटभर खाली आली. आणखी जरा, आन् सुटणार.

मांयनी अंगठा तांब्यात बुडवला आन् ती कळी परत वर नेऊन दाबली. नीट दाबली. पोराच्या कपाळाला टिकली लावून वर जरा दाबून धरतो ना, तशी धरली. मग अंगठा पदराला पुसला आन् परत हात जोडून बसल्या.

थोड्या वेळानं उजवी पडली.

"दिलो," म्हणाल्या. कौल दिला. माझ्याकडं बघितलं न्हाई.

आई, ह्या बाईनं लग्न झाल्यापासनं रोज त्या मातीपुढं डोकं टेकलंय. नवरा गेला तवा बी तिलाच विचारून केलं जे करायचं ते. दूध उतू गेलं तरी तिला सांगतात. त्या बाईनं तिच्या तोंडावर, तिच्या डोळ्यांखाली, माझ्या पोरीसाठी लबाडी केली. देवी मोठी का मांय मोठ्या, मला कळंना.

पाळणा आम्ही दोघींनी उचलला, बाहेरच्या खोलीत जनेलाजवळ, म्हणजे खिडकीपाशी ठेवला. करवंट्या सुद्धा. मला वाटलं झालं. तर मांय आपली चटई आन् उशी घेऊन आत गेल्या आन् पाळण्याच्या जागेवर अंथरली.

म्हटलं, "हे काय?"

"चेडवाच्या जाग्यार हांव."

"मांय, तुम्हाला काय झालं तर?"

"माका दांत आसात," म्हणाल्या. "चार आसात."

हसल्या. मला हसू आलं न्हाई. मला कळलं त्या का झोपल्या तिथं. तिचं घेतलं होतं, तर बदली काय तरी द्यायला पाहिजे.

मी मुरगावला साईशकडं निघून जायचा विचार केला होता, हे तुला आता सांगते. पिशवी भरलेली होती. ती परत रिकामी केली. ह्या बाईला तिथं एकटी सोडून मी कुठं जाऊ? आता मीच पहाटे उठते आन् आधी त्यांच्या अंथरुणाभोवतीची राख वाचते. मांय झोपलेल्या असतात. तोंडापुढं बोट धरून बघते, वारा लागतो का.

मंजुळा


पेडणे, ८ फेब्रुवारी

आई,

मधी चार वेळा फोनवर बोललो म्हणून पत्र लिहिलं न्हाई. फोनवर तू नुसतं "हं" म्हणतेस. पण ठेवत न्हाईस. सिद्धीचा आवाज ऐकवला तवा तू काय तरी म्हणालीस, ते मला ऐकू आलं न्हाई, तिला आलं असंल, कारण ती गप्प झाली.

हे मात्र फोनवर सांगण्यासारखं न्हाई.

सिद्धीला खालचा दात आला. मांय अजून आतच झोपतात. मी म्हटलं आता या बाहेर, दात आला की. म्हणाल्या, सवय जाली. रेघ परत उमटली न्हाई. एकदा बी न्हाई. त्या रातीला काय आलं होतं ते आम्ही डोळ्यांनी बघितलं न्हाई आन् आता बघायला बी नको. रोयणीपाशी एक करवंटी भरून ठेवतात. विहीणबायचें उदक. डास होत न्हाईत का विचारलं, तर ऐकू न आल्यागत करतात.

पोर रांगायला लागलीया. लई जोरात. बाहेरच्या खोलीच्या दाराला आडवी फळी लावलीया, मधल्या खोलीच्या दाराला बी. आज दुपारी मी मागं कपडे वाळत घालत होते. मांय फळी काढून आत उंबऱ्यापर्यंत राख पसरून आल्या, आज लवकरच पसरली, कारण संध्याकाळी त्यांना देवळात जायचं होतं. आन् फळी परत लावायची राहिली. त्यांच्याकडनं. ज्यांनी आयुष्यात काय विसरलं न्हाई त्यांच्याकडनं.

मला मांयची हाक ऐकू आली. नुसतं "गो!" आई, अशी हाक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मी "आलो, आलो" करत धावलो. हो, तसंच म्हणाले. भ्यालं की माणूस आपल्या गावाचं बोलतं.

मांय उंबऱ्यावर भिंत धरून उभ्या. आत सिद्धी रोयणीला टेकून बसलेली. एक हात हिरव्या लुगड्यात, दुसरा मातीवर, सपाट, अशी थोपटत होती, जशी मी तिला थोपटते. तोंडाला माती. आम्हाला बघून हसली, तो एक दात दाखवला.

"उखल तिका," मांय म्हणाल्या. "बाये, उखल. माज्यान वचूंक जायना." त्यांच्याच्यानं पाऊल उचलंना. रोज त्या मातीशेजारी झोपणारी बाई.

मी जाणारच होते. एक पाय आत टाकला आन् खाली बघितलं.

ताज्या राखेवर ठसे होते. उंबऱ्यापासनं रोयणीपर्यंत. दोन हात, दोन गुडघे. दोन हात, दोन गुडघे. पाची बोटं, एक एक, करंगळी सुद्धा. मागं लंगोटाची घासलेली रेघ. कुठंच थांबलेली न्हाई, कुठंच वळलेली न्हाई. सरळ गेली होती तिच्याकडं, जसं कुणी बोलावलं.

आई, इतके महिने आम्ही दोघी वाकून बघत होतो, तिकडनं कोण येतंय. इकडनं कोण जाईल हे मनातच आलं न्हाई.

मी कडेनं गेले, ठसे चुकवत, आन् तिला उचललं. अंगावर एक मुंगी बी नव्हती. मांयनी तिला माझ्याकडनं घेतलं, तिचे हात बघितले, पाय बघितले, कानामागं बघितलं, जसं मी त्या दिवशी बघितलं होतं. मग तिला छातीशी धरून रोयणीकडं बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं काय तरी देवीला म्हणतील. मलाच म्हणाल्या, "ती कळी. तुवें पळयली?" बघितलीस का, म्हणं.

म्हटलं, "कुठली कळी मांय?"

"बरें," म्हणाल्या.

मग दोघी उकिडव्या बसलो, पोर मधी, आन् वाचलं. मांयनी बोट न लावता एक एक ठसा दाखवला. ही उजवी, ही डावी. डाव्या हातावर जोर देते, साईश बी तसाच रांगायचा. अंगठा बाहेर टाकते, हें आमच्यांतलें न्हय, हें तुमच्यांतलें. माझा अंगठा बघितला, आन् मान हलवली.

देवळात आज त्या गेल्या न्हाईत. राख झाडली न्हाई, सारवलं न्हाई. मला म्हणाल्या, आवयक बरय. मी म्हटलं, लिहिते, ज्योती वाचंल. त्यांनी विचारलं, विहीणबायक वाचूंक येना? न्हाई म्हटलं, तुमच्यासारखीच.

उंबऱ्याजवळचा एक ठसा सगळ्यांत स्वच्छ उठलाय, उजव्या हाताचा. त्याच्यावर मांयनी टोपली उपडी घातलीया आन् वर दगड ठेवलाय, मांजर येऊ नये म्हणून. म्हणतात, वारो लागचे पयलीं येवंक सांग. वारा लागायच्या आधी ये, आई. हें तिका वाचूंक येतलें.

मंजुळा